धर्मादाय, दाय आणि मेलेल्याचं देणं

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे कार्यवाह विचारतात: आमच्या एका वर्गबंधूने मागे ठेवलेली रक्कम संघाच्या निधीत आली आहे. तिच्या व्याजातून गरजू मुलांची फी भरायची आहे. पाटीचा मसुदा असा: 'कै. अमुक यांनी मृत्युलेखाद्वारे बक्षीस दिलेल्या रकमेतून, माजी विद्यार्थी धर्मदाय निधी'. यात 'धर्मदाय' बरोबर की 'धर्मादाय'?

कार्यवाहसाहेब, आधी तो 'मृत्युलेख' खोडा. मृत्युलेख वर्तमानपत्रात छापून येतो आणि गेलेला माणूस तो स्वतः लिहीत नाही. तुम्हाला म्हणायचंय मृत्युपत्र. चांगले शिकलेले लोक या दोहोंची सरमिसळ करतात आणि वर 'मृत्यूपत्र' असं दीर्घ लिहितात. सुटा 'मृत्यू' दीर्घ, समासात ऱ्हस्व, एवढं तरी शाळेच्या पाटीवर सांभाळा. मृत्यूचं नाव नको वाटत असेल तर 'इच्छापत्र' म्हणा. 'बक्षीस'ही जाऊ द्या. बक्षीसपत्र हे जिवंत माणसाचं काम. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारावं लागतं. तुमचे वर्गबंधू तेवढे थांबले नाहीत.

आता धर्मादाय. यातला धर्म सोडून द्या, खरी गंमत 'दाय'मध्ये आहे. दाय म्हणजे देणं आणि दाय म्हणजे वारसाहक्काने येणारा वाटाही. वाटेकरी तो दायाद. एकच शब्द दोन्हीकडे कसा, यावर जुना बंगाली धर्मशास्त्री जीमूतवाहन याने 'दायभाग' या वारसाहक्कावरच्या संस्कृत ग्रंथात फार बारीक विचार केला आहे. तो म्हणतो, 'दीयते इति' (दिलं जातं ते) अशी व्युत्पत्ती असली तरी इथे 'देणं' हा प्रयोग गौण आहे. कारण मेलेला माणूस काही सोडून देत नाही, त्याचं स्वामित्व संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. फळ दानासारखंच, म्हणून शब्दही तोच. मेलेला माणूस देऊ शकतो का, हा प्रश्न त्याने व्याकरणातून सोडवला! आपल्याकडे चालणाऱ्या 'मिताक्षरा' या याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत विज्ञानेश्वर आणखी नेमकं सांगतो: धन्याशी असलेल्या केवळ संबंधामुळे जे धन दुसऱ्याचं होतं, ते दाय. त्याच्या डोळ्यांपुढे मुलगा-नातू होते हे मला कळतं. पण माजी विद्यार्थ्याच्या पैशावर शाळेचा कुठला हक्क? पाचवी ते दहावी तिथल्या बाकावर बसण्याचा संबंध, दुसरं काय! त्यामुळे तुमच्या निधीला 'दाय' जितका शोभतो तितकी 'देणगी' शोभत नाही. मला विचाराल तर 'विद्यादाय' म्हणा. कोणी म्हणणार नाही, ठाऊक आहे.

मधल्या 'आ'चं काय? 'धर्म + आदाय' अशी फोड करून 'धर्मासाठी केलेली वसुली' असा अर्थ लावणारे पंडित आहेत. पेढीवरच्या बिलात 'धर्मादा' म्हणून चार पैसे चढवणारे व्यापारी त्यांना साक्षीला मिळतात. मला ही फोड मुळीच पटत नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गाव दान देताना 'आधी दिलेले देवदाय आणि ब्रह्मदाय वगळून' अशा अर्थाचं कलम ठरल्यासारखं येतं. तिथे कुठला आदाय? देवाला दिलेला तो देवदाय, ब्राह्मणाला दिलेला तो ब्रह्मदाय, मग धर्माला दिलेला धर्मदाय. त्यातला 'आ' उच्चाराच्या ओढीने लांबला असणार. 'विश्वामित्र' हे नाव 'विश्व' आणि 'मित्र' यांचंच, तिथला 'आ' आपण निमूट म्हणतोच. वसुलीवाल्या पंडितांनी ताम्रपट वाचावेत, पावतीपुस्तकं पुरेत.

म्हणजे 'धर्मदाय' चूक नाही, पण पाटीवर 'धर्मादाय'च घाला. धर्मादाय आयुक्तांशी ऱ्हस्व-दीर्घावरून पत्रव्यवहार करण्यात मुलांची फी भरायची राहील.

जाता जाता, अशा दायाबरोबर देणाऱ्याची मतंही वारसाने येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांवर गबर झालेला इंग्रज सेसिल ऱ्होड्स १९०२मध्ये वारला, तेव्हा त्याने ऑक्सफर्डच्या ओरिएल या आपल्या जुन्या कॉलेजला १,००,००० पौंड ठेवले. मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की कॉलेजची मंडळी जगापासून दूर राहतात, व्यवहारात लेकरांसारखी असतात, तेव्हा पैसे गुंतवताना त्यांनी माझ्या विश्वस्तांचा सल्ला घ्यावा. कॉलेजने पैसे घेतले आणि हाय स्ट्रीटवर इमारत बांधली. तुमच्या वर्गबंधूंनीही संघाच्या कार्यकारिणीबद्दल असं काही लिहून ठेवलं असेल, तर तो मजकूर पाटीवर घेऊ नका.