नऊ महिने झाले तरी रांगत नाही: एका वहीतले दोन रकाने

गेल्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावाहून एक आई आणि तिची सासू नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन, तिच्या वाढीबद्दल आणि आहाराबद्दल सल्ला घ्यायला, फोंड्याला माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. मुलीला येथे छकुली म्हणते. आईच्या पिशवीत दुपट्यांखाली एक शंभर पानी वही होती आणि तिने बोलण्याआधी तीच माझ्यापुढे उघडून ठेवली. पानावर पट्टीने आखलेले दोन रकाने होते. एकात छकुलीच्या तारखा होत्या आणि दुसऱ्यात जावेच्या मुलाच्या: पालथा पडला, बसला, रांगला, धरून उभा राहिला. दुसरा रकाना पूर्ण भरला होता. पहिल्यात ‘पालथी पडली’ एवढीच नोंद होती आणि खाली सगळे कोरे होते.

“ताई, खरे काय ते सांगा. आमची मुलगी मागे पडली आहे का? आणि हिला काही खायला दिले तर तोंड मिटून घेते, त्यामुळे तर हे होत नसेल ना?”

पहिल्या वर्षात आईवडील माझ्याकडे जे प्रश्न घेऊन येतात त्यांतले निम्मे याच दोन वाक्यांत मावतात. उत्तर देण्याआधी मी प्रत्येकीला विचारते तेच तिलाही विचारले: बाळंतपण पूर्ण दिवसांचे होते का? ती थोडी थांबून म्हणाली की पस्तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या होत्या, पण मुलीचे वजन सव्वादोन किलोच्या वर होते आणि ती लगेच रडली होती, म्हणून पुढे तो विषय कोणी काढलाच नाही.

तारखांकडे पाहण्याची दृष्टी इथेच बदलते. बाळ सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मले असेल, तर विकास तपासताना चाळीस आठवड्यांच्या मानाने जेवढे आठवडे ते लवकर आले तेवढे वयातून वजा करायचे असतात आणि ही वजाबाकी साधारणतः दोन वर्षांचे होईपर्यंत करायची असते. छकुली पाच आठवडे आधी आली होती. दिनदर्शिकेप्रमाणे ती नऊ महिन्यांची असली तरी विकासाच्या हिशेबाने पावणेआठ महिन्यांची होती. जावेचा मुलगा पूर्ण दिवसांचा होता, म्हणजे ते दोन रकाने मुळातच शेजारी ठेवण्यासारखे नव्हते.

दुसरी गोष्ट मी त्यांना आकड्यांतच सांगितली, कारण वही ठेवणाऱ्या आईला आकड्यांचा आधार वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये हालचालींच्या टप्प्यांचे वयोगट प्रसिद्ध केले. त्यांनुसार आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांत, हातागुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिन्यांत आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत येते. सुमारे चार टक्के बाळे तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत; कोणी बसल्या बसल्या सरकते, कोणी पोटावर घसटत जाते आणि पुढे सगळी चालतात. अमुक महिन्यात अमुक झालेच पाहिजे असे आपण धरून बसतो, पण निसर्गाने त्यासाठी तारीख नव्हे, एक ऐसपैस मुदत ठेवली आहे.

मात्र एवढे सांगून मी त्यांना घरी पाठवले नाही. या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आईला मी, बाळाला नीट न पाहता, केवळ धीर देण्याच्या भरात, “होईल हळूहळू, काळजी करू नका,” असे म्हटले होते. त्या बाळाचा एक हात सतत मुठीत मिटलेला असे आणि ते सगळे दुसऱ्याच हाताने घेई. व्यायामोपचार सुरू होण्यात माझ्या त्या वाक्यामुळे दोन महिने गेले. वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर दिसणे ही तपासणीची खूण आहे, हे मी त्यानंतर कधी विसरले नाही.

म्हणून छकुलीला चटईवर बसवले आणि आम्ही तिघी तिच्याकडे पाहत राहिलो. तिची मान स्थिर होती. दोन्ही हात पुढे टेकून ती आठ-दहा सेकंद बसली आणि मग कलंडली. मी पुढे केलेला लाकडी चमचा तिने उजव्या हाताने घेतला, डाव्यात दिला, तोंडात घालून पाहिला. आजीने मागून हाक मारताच ती वळली आणि ‘बाबाबा’ करत हसली. चमचा एका हातातून दुसऱ्यात देणे, आवाजाकडे वळणे, ओळखीच्या माणसाला पाहून खुलणे, अक्षरांची माळ लावणे या गोष्टी त्या वहीत कुठेच नव्हत्या, कारण जावेने त्या कधी सांगितल्या नव्हत्या. मला मात्र त्यांतूनच सर्वाधिक दिलासा मिळाला.

बसायला उशीर का होत होता, तेही बोलता बोलता उलगडले. पावसात फरशी गार आणि ओलसर असते म्हणून तिला दिवसभर कडेवर, पाळण्यात किंवा वॉकरमध्ये ठेवले जात होते. जमिनीवर पोटावर पडून मान, खांदे आणि पाठ उचलण्याची संधीच तिला मिळत नव्हती. वॉकरने बाळ लवकर चालते ही समजूत चुकीची आहे. उलट त्यात अपघात होतात, आणि कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. जाड चटईवर गोधडी अंथरून दिवसातून अनेकदा, जागी आणि खुशीत असताना, तिला खाली सोडायचे असे ठरले.

मग मी म्हटले, “घरी भरवता तसेच इथे भरवा.” आजींनी थर्मासमधून उकड्या तांदळाची पेज काढली. ती फडक्यातून गाळलेली होती, पाण्यासारखी पातळ. मुलीला मांडीवर आडवे घेतले, मोबाइलवर गाणे लावले आणि चमचा ओठांशी नेला. चार चमचे गेले, मग तिने ओठ घट्ट मिटले आणि मान वळवली.

“दात नाहीत तर घट्ट कशी खाईल, बाय? सहाव्या महिन्यात कुस्करलेले केळे दिले तेव्हा तिला अशी उबळ आली की आमचा जीवच गेला होता,” आजी म्हणाल्या. सगळे त्या एका दिवसापासून सुरू झाले होते. त्यांचे भय मला पूर्ण समजले, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही सांगता आले नसते. लहान बाळात उबळीची जागा जिभेवर बरीच पुढे असते. घास नीट वळला नाही की बाळ लाल होते, खोकते, आवाज करते आणि घास पुढे आणते. ते संरक्षण आहे. घास अडकतो तेव्हा मात्र बाळाचा आवाज बंद होतो, श्वास घेता येत नाही, ओठ निळसर होतात, आणि तेव्हा लगेच मदत करावी लागते. म्हणूनच बाळाला ताठ बसवून, समोर बसून भरवायचे, आणि शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे द्यायचे नाहीत. दातांविना हिरड्या मऊ घास उत्तम चिरडतात.

पेजेने पोट भरते, पण त्यात पाणीच अधिक आणि बाळाचे पोट लहान. मी टेबलावरच्या वाटीत शिते, मुगाची डाळ आणि तूप एकत्र कुस्करून खिमट केले आणि चमचा तिरका करून दाखवला: घास चमच्याला धरून राहिला पाहिजे, ओघळता कामा नये. छकुलीने त्यात बोटे बुडवली, चाखली आणि पुन्हा हात पुढे केला. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला.

लोहाबद्दल मी अधिक वेळ बोलले. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे तो आधीच कमी असतो. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब शी काळी होते म्हणून घरच्यांनी बंद केले होते. शी काळी होणे अपेक्षितच असते. दुपारी चहात बुडवलेले बिस्किट दिले जात होते, आणि चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. घर मासे खाणारे, तरी ‘वर्षानंतर’ म्हणून मुलीला मासळी दिली नव्हती. सहा महिने झाल्यावर नीट शिजवलेले अंडे, काटे काढून बोटांनी कुस्करलेले मुडदुशे, चिकन, नाचणीचे सत्त्व, डाळी हे सगळे चालते. नवा पदार्थ थोडा द्यावा आणि अंगावर पुरळ, उलटी असे काही दिसते का ते पाहावे. मीठ-साखर वर्षाच्या आत लागत नाही. मध मात्र गुटीतूनसुद्धा नको, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे वर्षाखालच्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आईचे दूध चालूच ठेवायचे.

औषधाचा निर्णय माझा नाही, म्हणून मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गोवर-रुबेलाची लस घ्यायला त्यांना जायचेच होते. हिमोग्लोबिन ९.२, म्हणजे कमी, निघाले आणि लोहाचे थेंब पुन्हा सुरू झाले.

पाच आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा छकुली आधाराशिवाय बसून दोन्ही हातांनी खेळत होती. दिवसातून तीन वेळा सुमारे अर्धी वाटी खिमट खात होती, पण अंडे अजून थुंकत होती. तिला ते आठ-दहा वेळा वेगवेगळ्या दिवशी, आग्रह न करता, पुढे करत राहा असे मी सांगितले. ती रांगत नव्हती. एक पाय दुमडून बुडावर सरकत दारापर्यंत जात होती, आणि आजी दर वेळी उठून दार ओढून घेत होत्या.

वहीतला दुसरा रकाना आईने पेन्सिलीने काट मारून बंद केला होता. पहिल्यात तिने स्वतःहून नव्या नोंदी केल्या होत्या: ‘मऊ शीत दोन बोटांत धरले’, ‘टाटा केले’, ‘आजी दिसेनाशी झाली तर रडली’. पुढची भेट वाढदिवसानंतर ठरली आहे. त्या वेळी नावाने हाक मारल्यावर ती वळते का, हवे ते बोटाने दाखवते का आणि धरून उभी राहते का हे पाहायचे आहे, आणि हिमोग्लोबिनची फेरतपासणीही त्याच आठवड्यात आहे.