हिवतापाचा परजीवी औषधांना दाद का देत नाही?

हिवतापावरील औषधांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एकच चिंता निरनिराळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे : ज्या गोळ्यांवर भरवसा ठेवायचा, त्या निकामी होत चालल्या आहेत काय? ही चिंता निराधार नाही, आणि म्हणूनच काही उत्तरे नेहमीपेक्षा विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न : मला तीन वर्षांत दोनदा मलेरिया झाला आणि दोन्ही वेळा गोळ्या घ्याव्या लागल्या. वारंवार औषध घेतल्याने शरीराला त्याची सवय होते आणि पुढे ते लागू पडत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. हा समज खोलवर रुजलेला आहे आणि तो दूर होणे मला अगत्याचे वाटते. औषधाला दाद न देण्याचा गुण रुग्णाच्या शरीरात नसतो, तो परजीवीत असतो. ज्याने आयुष्यात हिवतापाची एकही गोळी घेतलेली नाही, अशा माणसालाही डासाच्या पहिल्याच दंशातून प्रतिरोधक परजीवीची लागण होऊ शकते. उलट, अनेकदा उपचार घेतलेल्या माणसाला पुढच्या वेळी औषधाला दाद देणाऱ्या परजीवीची लागण झाली, तर तो त्याच गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

हा गुण येतो कोठून, हे समजण्यासाठी एक आकडा ध्यानात घ्यावा. फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापाने गंभीर आजारी झालेल्या एका रुग्णाच्या शरीरात परजीवींची संख्या एक लाख कोटींच्या घरात जाऊ शकते. इतक्या पेशी विभागत असताना त्यांच्या जनुकांची नक्कल होताना चुका होतच राहतात. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा परजीवीलाच घातक असतात, पण एखादीमुळे त्याला विशिष्ट औषधापासून थोडे संरक्षण मिळते. रक्तात औषधाचे प्रमाण पुरेसे असेल तर तोही बहुधा मरतो. प्रमाण अपुरे असेल, तर त्याचे इतर सगळे भाऊबंद मरतात आणि तो एकटा उरून वाढतो. पुढे डासाच्या मादीने त्या रुग्णाचे रक्त शोषले की हा वारसा दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचतो. याचा अर्थ, औषध स्वतः प्रतिरोध निर्माण करत नाही, ते आधीपासून असलेल्या प्रतिरोधकाला निवडून काढते.

उपचार फसला म्हणजे प्रतिरोधच असला पाहिजे, असेही नाही. वजनाच्या मानाने मात्रा कमी पडणे, गोळी उलटून पडणे, आतड्यातून तिचे नीट शोषण न होणे किंवा गोळीत औषधाचा अंशच कमी असणे, ही कारणेही तितकीच संभवतात.

प्रश्न : माझ्या बहिणीला व्हायवॅक्स मलेरिया झाला होता. औषध घेऊन ती बरी झाली, परंतु दोन महिन्यांनी पुन्हा तोच ताप आला. क्लोरोक्वीन आता चालत नाही, असे समजायचे का?

उत्तर : केवळ ताप परत आला म्हणून तसे समजता येत नाही. पुन्हा येणाऱ्या हिवतापाचे तीन प्रकार असतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात नव्या डासाने नवी लागण केलेली असते. दुसऱ्या प्रकारात रक्तातील परजीवी पूर्णपणे मेलेले नसतात आणि उरलेले पुन्हा वाढतात. प्रतिरोधाचा संशय घ्यायचा तो येथे. तिसरा प्रकार व्हायवॅक्स आणि ओव्हेल या जातींतच आढळतो : या परजीवींची काही रूपे यकृतात सुप्तावस्थेत पडून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागी होऊन पुन्हा रक्तात उतरतात. रक्तातील परजीवी मारणारे क्लोरोक्वीन या झोपलेल्या रूपांना काहीच करू शकत नाही.

दोन महिन्यांच्या अंतराकडे पाहता आपल्या बहिणीच्या बाबतीत तिसरी शक्यता अधिक दिसते. यकृतातील रूपांसाठी प्रायमाक्वीन द्यावे लागते, आणि त्याचा नेहमीचा कोर्स चौदा दिवसांचा असल्यामुळे ताप गेल्यावर तो अर्धवट सोडून देणारे पुष्कळ असतात. जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या व्यक्तींमध्ये या औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून त्याआधी त्याची रक्ततपासणी करून घेणे आवश्यक असते. गरोदरपणात हे औषध देत नाहीत. बहिणीने ते घेतले होते का आणि पूर्ण घेतले होते का, ही माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

क्लोरोक्वीनला दाद न देणारा व्हायवॅक्स मात्र अस्तित्वात आहे. पापुआ न्यू गिनी येथून १९८९ मध्ये त्याची पहिली नोंद झाली. हे औषध रक्तात बराच काळ रेंगाळते, त्यामुळे ते पुरेशा प्रमाणात असतानाही पहिल्या चार आठवड्यांत परजीवी पुन्हा दिसले, तर प्रतिरोधाचा संशय बळावतो.

प्रश्न : पूर्वी मलेरिया म्हटले की क्लोरोक्वीन, असे समीकरण होते. फॅल्सिपेरमवर ते का चालेनासे झाले? आणि बंद केलेले औषध पुन्हा कधी उपयोगी पडू शकते का?

उत्तर : क्लोरोक्वीन १९३४ मध्ये जर्मनीत तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले. ते स्वस्त होते, सुरक्षित होते आणि परिणामकारकही होते. लहान मुलांना ते निर्धास्तपणे देता येत असे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियात, अशा एकमेकांपासून फार दूर असलेल्या ठिकाणी, ते फसू लागले. १९७०च्या दशकाच्या शेवटी हा प्रतिरोध पूर्व आफ्रिकेत पोहोचला आणि तेथून खंडभर पसरला. आफ्रिकेतील प्रतिरोधक परजीवींची वंशावळ जनुकांवरून तपासली असता तिचे मूळ आग्नेय आशियात सापडले. ज्या खंडात हिवतापाने सर्वाधिक बालके दगावतात, तेथे सर्वांत स्वस्त औषध निकामी झाले. त्यामुळे गेलेल्या जिवांचा विचार केला की औषधप्रतिरोध हा केवळ प्रयोगशाळेचा विषय राहत नाही.

या प्रतिरोधाची यंत्रणा आता चांगली उलगडली आहे. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी तेथील हिमोग्लोबिन खातो. त्याच्या पचनातून उरणारा हीम हा लोहयुक्त भाग त्याला स्वतःलाच विषारी असतो, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून ठेवतो. क्लोरोक्वीन परजीवीच्या पचनाच्या पिशवीत साठते आणि ही स्फटिक बनण्याची क्रिया रोखते. परजीवी आपल्याच अन्नाच्या विषाने मरतो. प्रतिरोधक परजीवीत या पिशवीच्या आवरणातील एका प्रथिनात बदल झालेला असतो आणि त्या वाटेने औषध बाहेर काढून टाकले जाते. या प्रथिनाचे जनुक २००० मध्ये ओळखले गेले. त्यातील ७६ क्रमांकाच्या जागी झालेला बदल हा क्लोरोक्वीन-प्रतिरोधाची खूण मानला जातो.

त्यानंतर आलेल्या औषधांचे आयुष्य आणखी कमी ठरले. सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन यांची जोडगोळी थायलंडमध्ये १९६७ मध्ये आली आणि त्याच वर्षी तिला दाद न देणारे रुग्ण दिसले. मेफ्लोक्वीनही त्याच प्रदेशात थोड्याच वर्षांत कमजोर पडले. हे सारे पुन्हा पुन्हा त्याच भागात का घडावे, याचे एकच एक कारण देता येत नाही. तेथे हिवतापाचा फैलाव तुलनेने कमी असल्यामुळे लोकांत प्रतिकारशक्तीही कमी असते. लागण झालेला जवळजवळ प्रत्येक जण आजारी पडतो आणि औषध घेतो, म्हणजे बहुतेक परजीवींची औषधाशी गाठ पडते. कंबोडियातील पाइलिन हा रत्नांच्या खाणींचा प्रदेश; तेथे कामासाठी येणारे-जाणारे मजूर, अर्धवट घेतलेली एकेरी (दुसऱ्या औषधाच्या जोडीविना दिलेली) औषधे आणि निकृष्ट गोळ्या यांची भर पडली. १९६०च्या सुमारास याच भागात खाण्याच्या मिठात औषध मिसळून देण्याचा प्रयोगही झाला होता. हेतू चांगला होता, पण प्रत्येकाच्या रक्तात थोडेथोडे, परजीवीला न मारणारे औषध सतत राहणे म्हणजे प्रतिरोधाला आवतण देणे होय.

प्रश्नाचा दुसरा भाग मला विशेष आवडला, कारण त्याचे उत्तर आशादायक आहे. आफ्रिकेतील मलावी या देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्वीनचा वापर थांबवला. औषधाचा दाब नाहीसा झाल्यावर जनुकातील तो बदल परजीवीला ओझे ठरू लागला आणि मूळ रूपाचे, औषधाला दाद देणारे परजीवी पुन्हा वरचढ झाले. तेथील मुलांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्वीन ९९ टक्के रुग्णांत यशस्वी ठरले. तथापि, ते पुन्हा एकट्याने सर्रास वापरले तर जुनाच प्रकार घडेल, यात मला शंका नाही.

प्रश्न : डॉक्टरांनी आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या तीन दिवसांसाठी दिल्या. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. मग उरलेल्या गोळ्या घेण्याची गरज काय? शिवाय आर्टेमिसिनिनलाही प्रतिरोध आला आहे असे वाचले. तर या गोळ्यांचा उपयोग तरी काय?

उत्तर : आपल्या गोळीतील आर्टेमेथर हे आर्टेमिसिनिनच्या वर्गातील औषध आहे आणि ल्युमेफँट्रिन हे त्याच्या जोडीचे. आर्टेमिसिनिनच्या वर्गातील औषधे परजीवींना फार झपाट्याने मारतात. परजीवीच्या वाढीच्या अठ्ठेचाळीस तासांच्या एका आवर्तनात ती त्यांची संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटवतात. आता हिशोब करून पाहा : आरंभी एक लाख कोटी परजीवी असतील, तर एका आवर्तनानंतर दहा कोटी उरतात. ताप या टप्प्याच्या आसपास उतरू शकतो, रुग्णाला भूक लागते, तो हिंडूफिरू लागतो. पण दहा कोटी परजीवी रक्तात असतातच. तीन दिवसांचा उपचार दोन आवर्तनांना गाठतो आणि संख्या दहा हजारांच्या आसपास येते. हे उरलेले दहा हजार मारण्याचे काम जोडीच्या औषधाचे असते. आर्टेमिसिनिनचे अंश काही तासांत रक्तातून नाहीसे होतात, तर ल्युमेफँट्रिन अनेक दिवस टिकते. कोर्स अर्धा सोडला की हे दुसरे औषधही अपुरे राहते, आणि प्रतिरोधक परजीवी निवडला जाण्यास याहून अनुकूल परिस्थिती नाही. गोळ्या स्निग्धांश असलेल्या अन्नाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्याव्यात, कारण ल्युमेफँट्रिनचे शोषण त्यावर अवलंबून असते.

आर्टेमिसिनिन हे चिनी वैद्यकातील एका वनस्पतीपासून मिळवलेले औषध आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात तू यूयू यांनी ते वेगळे करण्याची पद्धत शोधली आणि त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते एकट्याने देऊ नये, हा धडा क्लोरोक्वीनने आधीच दिला होता. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तोंडावाटे घेण्याच्या एकेरी आर्टेमिसिनिनची विक्री थांबवण्याचे स्पष्ट आवाहन केले. तरीही २००८-०९ मध्ये कंबोडियाच्या पश्चिम भागातून बातमी आलीच : परजीवी रक्तातून नाहीसे होण्यास पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता.

येथे शब्द जपून वापरला पाहिजे. याला ‘आंशिक प्रतिरोध’ म्हणतात. तांबड्या पेशीत नुकताच शिरलेला, अंगठीसारखा दिसणारा कोवळा परजीवी औषधाच्या तडाख्यातून वाचतो, मोठा परजीवी मात्र मरतो. केल्च-१३ या जनुकातील बदल ही त्याची खूण २०१४ मध्ये निश्चित झाली. असा परजीवी कोवळ्या वयात हिमोग्लोबिन कमी खातो. आर्टेमिसिनिन ज्या लोहामुळे सक्रिय होते तेच त्यामुळे कमी मिळते, आणि औषध निद्रिस्त राहते. जोडीचे औषध समर्थ असेल तोवर रुग्ण उशिराने का होईना, बरा होतो. खरे संकट तेव्हा येते, जेव्हा जोडीदारही निकामी होतो; कंबोडियात पिपेराक्वीन या जोडीच्या औषधाबाबत नेमके तेच घडले.

मला अधिक काळजी आफ्रिकेची वाटते. रवांडात २०२० मध्ये आणि युगांडात २०२१ मध्ये केल्च-१३ मधील बदल असलेले परजीवी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. एरिट्रिया आणि टांझानियातही ते सापडले आहेत. क्लोरोक्वीनच्या वेळी प्रतिरोध आशियातून तेथे गेला होता, या वेळी तो रवांडातील परजीवींत स्वतंत्रपणे उपजला आहे. त्यामुळे सीमेवर तो अडवण्याचा उपाय मुळातच अपुरा ठरतो. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालके होती. या पार्श्वभूमीवर तीन औषधे एकत्र देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि गॅनाप्लॅसाइड हे वेगळ्या वर्गातील नवे औषध ल्युमेफँट्रिनच्या जोडीने मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे. तोपर्यंत हातात आहे ते औषध पूर्ण मात्रेत घेणे, हाच आपल्या प्रश्नाचा खरा उलगडा आहे.

प्रश्न : घरात मागच्या वेळच्या काही गोळ्या उरल्या आहेत. ताप आल्यावर तपासणीआधी त्या सुरू केल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नये. उरलेल्या गोळ्यांनी पूर्ण मात्रा होत नाही, हिवताप नसेल तर खऱ्या आजाराचे निदान लांबते आणि असेल तर रक्तातील परजीवी तात्पुरते कमी झाल्याने काचपट्टीवर ते दिसतही नाहीत. आधी रक्ततपासणी, मग औषध.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाने गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी केली. पुन्हा द्यावी का?

उत्तर : गोळी घेतल्यापासून तासाभराच्या आत उलटी झाली असेल, तर तीच पूर्ण मात्रा पुन्हा द्यावी लागते, एका मात्रेची भर पडल्यामुळे डॉक्टरांकडून जास्तीची गोळी मागून घ्यावी, म्हणजे शेवटच्या दिवशी ती कमी पडणार नाही. दुसरी मात्राही उलटून पडली, मूल पाणीही पोटात ठेवू शकत नसेल, सुस्त झाले असेल, त्याला झटके आले असतील किंवा श्वास जड झाला असेल, तर घरी वाट पाहू नये. हा गंभीर हिवताप असू शकतो. त्यावर आर्टेसुनेटचे इंजेक्शन द्यावे लागते आणि त्यासाठी मुलाला त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.