"मॅडम, तो मुद्दाम करतो"

मी शाळाशाळांत फिरणारी समुपदेशक, आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शाळेच्या गेटातून स्कूटी आत घेतानाच कळतं, आज पण हेच असणार. कुडाळपासून देवगडपर्यंत कुठलीही शाळा घ्या, स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत कुणीतरी खुर्ची जवळ ओढतं आणि सुरू होतं, वही मुद्दाम आणत नाही, सांगितलेलं मुद्दाम ऐकत नाही, वर्गात मुद्दाम आवाज काढतो. घरचेही तेच. आई म्हणते मुद्दाम जेवत नाही, आजी म्हणते शाळेच्या वेळेलाच बरं याच्या पोटात दुखतं. गेल्या आठवड्यात परत तिघांनी विचारलं, अशा मुद्दाम करणाऱ्या मुलाचं करायचं काय, म्हणून म्हटलं आता एकदा लिहूनच टाकते. मुलाची आणि शाळेची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि सात-आठ भेटींचं इथे दोन-तीन प्रसंगांत आवरलंय.

शाळा खाडीकाठची. नववीचा वर्ग, पटावर 23 मुलं. मुलाला आपण बाबल्या म्हणू. बाप ट्रॉलरवर खलाशी, बोट परत येईपर्यंत घरात आजीचंच राज्य. बाबल्याबद्दलची तक्रार अशी की तास रंगात आला की हा कोंबडा आरवल्यासारखा आवाज काढतो, वर्ग फुटतो, बाई बाहेर काढतात आणि हा हसत हसत बाहेर जातो. "हसत हसत" हे बाईंनी मला तीन वेळा सांगितलं. आजीला बोलावलं तर ती म्हणाली, "तेचो बापूस पण असोच होतो, मुद्दाम करता मेलो." झालं, घर आणि शाळा यांचं एकमत.

आता मी स्वतः काय केलं ते आधी सांगते, कारण सुरुवातीला मी पण चुकलेच. मला वाटलं साधी गोष्ट आहे, पोराला लक्ष हवंय, बाप घरात नाही, वर्गात तरी सगळ्यांनी बघावं म्हणून चाललंय. बाईंना म्हटलं, आवाजाकडे दुर्लक्ष करा आणि शांत बसला की कौतुक करा. तीन आठवडे बाईंनी प्रामाणिकपणे केलं. काय झालं? कोंबडा आणखी मोठ्यानं आरवायला लागला. बावीस वर्षं हे काम करतेय, पण त्या दिवशी घाटीवरून गाडी खाली घेताना मला स्वतःचीच लाज वाटत होती.

मग मी शेरेवही मागून घेतली. शिक्षकांना सांगते, ही वही म्हणजे सोनं असते, तुम्ही ती फक्त पालकसभेत दाखवायला ठेवता. दोन महिन्यांचे शेरे वाचत गेले तर बाबल्याला बाहेर काढलं होतं मराठीच्या, हिंदीच्या आणि इतिहासाच्या तासाला. गणिताला एकदाही नाही. पीटीला नाही. लक्ष हवं असलेलं पोर तास बघून कोंबडा होत नाही हो.

पुढच्या बुधवारी बाबल्या आणि मी खेळाच्या सामानाच्या खोलीत बसलो, कॅरम बोर्ड आणि लेझमांच्या ढिगात. त्याच्या तोंडातून शब्द नाही. मी पण गप्प. खिडकीतून खाडी दिसत होती, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पाणी बरंच वर आलंय रे."

"अजून चढतला. साडेचारपर्यंत."

"तुला कसं माहीत?"

"आज सष्ट मा. सा त्रिक अठरा, भागिले चार."

मी बघतच राहिले. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, आली भरतीची वेळ. कोकणातल्या जुन्या माणसांना हा हिशोब पाठ असतो, पण नववीतलं पोर तोंडी, क्षणात? म्हणाला, आजयेन शिकवल्यान, मुळे (खाडीतल्या शिंपल्या) काढायला ओहोटी कधी ते बघायला लागतं ना. मग मुळ्यांवर बोलला, उधाण-भांगावर, म्हणजे मोठ्या-लहान भरतीवर बोलला, पंधरा मिनिटं थांबला नाही. आणि मग मी सहज, अगदी सहज विचारलं, की मराठीच्या तासाला आवाज काढायच्या आधी तू काय करत असतोस?

"बाकां मोजतंय."

"का?"

"बाई लायनीत वाचूक सांगतत. माझ्याआदी दोन बाकां ऱ्हवली काय आवाज काढतंय."

थोडा वेळ गप्प बसून, लेझमाची साखळी हातात फिरवत म्हणाला, "माका वाचूक येना नाय मॅडम. भायर कोण हसत नाय."

नववीपर्यंत आलेला मुलगा. नऊ वर्षं तो बाकं मोजतोय आणि नऊ वर्षं आपण सगळे त्याला मस्तीखोर म्हणतोय. वर्गात अडखळत वाचणारा ठरण्यापेक्षा दंगेखोर ठरणं त्याला परवडत होतं, आणि आपण त्याला बाहेर काढून दर वेळी सुटका बक्षीस देत होतो. मी केलेलं दुर्लक्ष तर आणखी वाईट, कारण बाहेर काढेनात म्हटल्यावर त्याला आवाज वाढवायलाच लागला.

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलरला मानणारी आहे, हे माझ्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांना माहीत आहे, थोडं चिडवतात पण. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात या डॉक्टरने शाळांना धरून मुलांची मार्गदर्शन केंद्रं काढली, आणि तिथे मूल आणि पालकांशी बोलणं चालायचं ते शिक्षकांच्या समोर, म्हणजे शिक्षकालाही शिकायला मिळावं. 1934 ला तिथलं राजकारण फिरलं तशी ती केंद्रं बंद पडली. अॅडलरचं म्हणणं असं की मुलाच्या प्रत्येक वागण्याला काहीतरी हेतू असतो. म्हणजे बघा, "मुद्दाम करतो" ही तक्रार एका अर्थी बरोबरच आहे! फक्त पुढचा प्रश्न आपण विचारत नाही, कशासाठी? आणि हे मुलाला विचारून बहुतेक वेळा कळत नाही कारण त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं, बाबल्यासारखा सांगणारा विरळा.

मग ओळखायचं कसं? अॅडलरचा शिष्य ड्रायकर्स, जो 1937 मध्ये शिकागोला गेला, त्याने एक फार कामाची युक्ती सांगितलीय. मुलाकडे नको, आधी स्वतःकडे बघा, त्याच्या वागण्याने तुम्हाला काय होतं? नुसती कटकट वाटते, "परत आला हा" असं होतं, तर त्याला बहुतेक लक्ष हवंय. अंगात येतं, "कोण मोठा ते दाखवतेच याला" असं वाटतं, तर त्याची तुमच्याशी सत्तेची ओढाताण चाललीय, तिथे तुम्ही दोरी सोडलीत की तो पडतो. मनाला लागतं, दुखतं, तर त्याला कुणीतरी दुखवलंय आणि तो फेड करतोय. आणि हात टेकावेसे वाटतात, "याचं काही होणार नाही" असं मनात येतं, तर मुलाने तुमच्या आधीच स्वतःबद्दल हात टेकलेत. हे मी नव्या शिक्षकांना तीस-तीस वेळा सांगते आणि बाबल्याच्या वेळी स्वतः बाईंना विचारायलाच विसरले होते.

तो प्रश्न शेवटी विचारला शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात. बाई कोल्हापूरकडच्या, पाच वर्षांची मुलगी तिकडे आईकडे ठेवून इथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या.

"तो आरवला की तुम्हाला काय होतं?"

"मला? अहो, त्याचं विचारा ना."

"त्याचं झालं विचारून."

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "राग येत नाही हो. भीती वाटते. पुढच्या वर्षी हा दहावीला. आपल्याकडे निकाल म्हणजे..." आणि पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. कोकण बोर्ड 2012 ला वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावीत राज्यात पहिलं, 2025 ला 98.82 टक्के. पेपरात वाचायला छान वाटतं, पण 23 च्या वर्गात एक मूल नापास झालं की शाळेचा निकाल थेट 95.65, आणि मग मीटिंगमध्ये बाईंनी उभं राहून उत्तर द्यायचं. "मी काही शिकवूच शकत नाही असं वाटतं मॅडम. रात्री झोप लागत नाही. माझं कोण विचारतंय?"

मुलगा वर्गात वाचायला घाबरत होता आणि बाई मीटिंगमध्ये वाचल्या जाणाऱ्या आकड्याला. दोघं एकाच खोलीत रोज एकमेकांची भीती वाढवत होते. शाळेत मानसशास्त्राचं काम काय असं मला विचारतात तेव्हा मला हा व्हरांडाच आठवतो, कारण लोकांना वाटतं समुपदेशक म्हणजे वाया गेलेली पोरं दुरुस्त करणारं गॅरेज. बाईंना त्या दिवशी सल्ला काहीच दिला नाही मी. त्या रडल्या, मग हसल्या, एसटी चुकली, मी स्टँडपर्यंत सोडलं.

पुढचं पटापट सांगते. अचानक वाचायला सांगणं बंद, तेही फक्त त्याच्यासाठी नाही, सगळ्या वर्गासाठी, नाहीतर परत तोच वेगळा पडला असता. बाई आदल्या दिवशी चार ओळींचा व्हॉइस मेसेज त्याच्या चुलत बहिणीच्या मोबाइलवर टाकायच्या, तो ऐकून बोट ठेवत वाचायचा. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातच मुळात अडचण आहे का याची, तपासणी सुरू केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, तेव्हा "बघू दहावी जवळ आल्यावर" असं करू नका, या कामाला फेऱ्या लागतात. (आणि मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर मात्र शेरेवह्या वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416.)

पण खरी गंमत बाईंनीच केली. घाटावरच्या ना, त्यांना भरतीचा हिशोब ठाऊकच नव्हता. एके दिवशी तासाला त्यांनी खडू बाबल्याच्या हातात दिला, म्हणाल्या, मला येत नाही, शिकव. तो फळ्याजवळ गेला, आकडे मांडले, वर 'भरती' लिहायला गेला ते 'भतरी' झालं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, "गप रे, मला अष्टमीची वेळ काढू दे आधी," आणि वही उघडून खरंच काढायला लागल्या. बाबल्याने एकदा फळ्याकडे बघितलं, हाताने ते पुसलं आणि परत लिहिलं. हे मला बाईंनी फोनवर सांगितलं, रात्री दहाला, आणि मी माझ्या नवऱ्याला उठवून सांगितलं.

अजून तो अडखळतोच. दोनदा कोंबडाही झालाय मधे. तपासणीचा दुसरा फेरा राहिलाय, त्यासाठी शुक्रवारी दुपारी तीनची वेळ मी घेतली होती, तर म्हणाला, "दुपारी नको मॅडम, शुक्रवारी बारस, मुळ्यांक जावचा आसा." बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊला भरती, म्हणजे तीनला ओहोटी. सकाळची वेळ घेतलीय.