सबस्पेसमध्ये गेल्यावर सेफवर्ड खरंच सुचतो का? आणि पुण्यातल्या भेटींना नवख्या बाईने जावं का?

दोन्ही प्रश्न बीडीएसएममधले, म्हणजे मोठ्या माणसांनी संमतीने एकमेकांना बांधणं, ताबा देणं-घेणं. सबस्पेस म्हणजे त्यात बांधून घेणाऱ्याला लागणारी गुंगी, सेफवर्ड म्हणजे थांबवायला आधी ठरवलेला शब्द, आणि भेटी म्हणजे हे करणाऱ्या लोकांच्या गाठीभेटी. दुसऱ्या प्रश्नाचं शेवटी सांगते. पहिल्याचं उत्तर म्हणजे मला नाही सुचला, आणि त्यापायी माझा उजवा हात सात आठवडे कामातून गेला होता.

2019 ची गोष्ट. मला ह्यात चार वर्षं झाली होती, नवखी नव्हते. बांधणारा माणूस चांगला ओळखीचा, काळजी घेणारा, हे मी आजही म्हणते. आधी बसून सगळं ठरवलेलं: वीस मिनिटं, दंडावरून दोर, लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे हळू. पंधराएक मिनिटांनी मला सबस्पेस लागला. आवाज लांबून येतात, दुखणं दुखण्यासारखं लागत नाही, डोक्यातली सगळी बडबड बंद होते आणि इतकं शांत वाटतं की तिथून उठूच नये. तो म्हणाला, "आणखी दहा मिनिटं चालेल?" मी म्हटलं हो. "माझं बोट दाब," दाबलं. "ठीक आहेस ना?" हो. त्या वेळी त्याने घराची चावी मागितली असती तरी मी हो म्हटलं असतं.

दोर सोडला आणि मनगट खाली लोंबायला लागलं. उचलायचं म्हटलं तर उचलेचना. अंगठ्याच्या मागचा भाग बधिर. दंडाच्या बाहेरच्या बाजूला रेडियल नर्व्ह हाडाला चिकटून जाते, तिच्यावर दोर बसला होता. आणि बोट दाबून बघणं ही जी सगळे करतात ती टेस्ट इथे फसवते, कारण मूठ वळवणाऱ्या नसा वेगळ्या आहेत, रेडियल गेली तरी बोट दाबता येतं. मनगट वर उचलायला सांगायचं, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसा पंजा, आणि वरून हलका जोर द्यायचा. पंजा टिकला नाही तर दोर सोडायचा, गाठ सुटत नसेल तर कापायचा, दोराच्या किमतीचा विचार करायचा नाही. बोथट टोकाची कात्री हाताशी पाहिजे, बॅगेत नाही.

सात आठवडे स्प्लिंट, एनसीव्ही टेस्ट (नस किती चालते ते बघणारी), फिजिओ. लाटणं धरता येईना, गॅसचं बटण डाव्या हाताने फिरवायचे. सासूबाईंना सांगितलं झोपेत हात अंगाखाली आला. डॉक्टरांनाही तेच सांगितलं आणि ती मोठी चूक होती, कारण दाब नक्की कुठे आणि किती वेळ होता हे त्यांना कळायला हवं होतं. आता तर आयसीडी-11 मध्ये, जे जानेवारी 2022 पासून लागू आहे, दोन मोठ्या माणसांनी संमतीने केलेलं हे आजारात धरत नाहीत. डॉक्टरांना खरं सांगा.

पण हातापेक्षा जास्त लागलं ते नंतरचं. आमच्या ग्रुपमधे एक सीनियर आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की सेफवर्ड तुझ्याकडे होता, तू वापरला नाहीस, तू 'रॅक' (जोखीम माहीत असून संमती द्यायची हे तत्त्व) मानतेस ना, मग जोखीम माहीत असून हो म्हणालीस, आता तक्रार कसली. मी गप्प बसले. दोन वर्षं मला वाटत राहिलं की चूक माझीच.

मग एक अभ्यास वाचनात आला, अमेरिकेतल्या नॉर्दर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी 2017 मध्ये छापलेला. 14 अनुभवी माणसं, कोण टॉप (करणारा) आणि कोण बॉटम (करवून घेणारा) हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं आणि सीनच्या, म्हणजे ठरवून केलेल्या एका खेळाच्या, आधी-नंतर त्यांना एक चाचणी दिली: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असतो आणि तुम्ही शाईचा रंग सांगायचा. सीननंतर बॉटम लोकांचं ते बिघडलं. म्हणजे डोक्याचा जो भाग थांबवतो, निवडतो, नाही म्हणतो, तो तेवढ्यापुरता मंदावतो असा त्यांचा अंदाज. 14 च माणसं आहेत, फार मोठा पुरावा नाही, मान्य. पण मी ते वाचून रडले. रॅकमधली 'जोखीम माहीत असणं' सीनच्या आधी असतं दादा, पंधराव्या मिनिटाला ती माहीत असणारी बाई जागेवर नसते.

आमच्या गावी नवरात्रात चुलतीच्या अंगात यायचं. देवाचं आणि ह्याचं एक करत नाहीये, कोणी मनाला लावून घेऊ नका. पण मी लहानपणी बघितलंय, तिला वारं सुटलं की बाकीच्या बाया समया मागे सरकवायच्या, दोघी दोन्ही बाजूंना उभ्या राहायच्या, एक जण तिच्या पायांकडे बघत असायची. "काकू, ठीक आहात ना" असं कोणी विचारत नव्हतं. उतरलं की भिंतीला टेकवून पाणी, गूळ, आणि तासभर कोणी कामाला लावायचं नाही. शाळा न शिकलेल्या बायांना जे कळत होतं ते वर्कशॉप घेणाऱ्यांना कळू नये?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सेफवर्ड ठेवाच, पण भार त्याच्यावर टाकू नका. सीन सुरू झाल्यावर नवीन काही ठरवायचं नाही, वेळ वाढवायची नाही, समोरची हो म्हणत असली तरी. घड्याळ टॉपकडे. हातात किल्ल्यांचा जुडगा द्या, पडला की थांबायचं, आणि उत्तर उशिरा आलं किंवा एकाच शब्दात यायला लागलं की तोच पिवळा समजायचा. गळा आणि श्वास ह्यांच्याशी खेळूच नका, त्यात सेफ असा प्रकार नाही. दारू असेल तर त्या दिवशी काहीच नाही.

आणि ड्रॉप, म्हणजे सीननंतर मन एकदम खाली बसणं. मला तिसऱ्या दिवशी आला, दूधवाल्याचे पैसे मोजता मोजता रडायला लागले, कारण काही नाही. बांधणाऱ्यालाही येतो, त्याची तर कोणी चौकशीही करत नाही. दोघांनी तीन-चार दिवस रोज एक फोन ठरवूनच ठेवा. बरेच दिवस उतरत नसेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलता येतं. (मी डॉक्टर नाही, आणि सगळ्यांना सबस्पेस लागतोच असंही नाही, काही जणी शेवटपर्यंत पूर्ण शुद्धीत असतात.)

भेटींचं: जा. पहिल्या वेळी फक्त कॅफेत, दिवसा, मैत्रिणीला लोकेशन पाठवून, आणि त्याच दिवशी कोणाच्या घरी जायचं नाही. तिथे जो बांधतो त्याला विचारा, आजवर तुझ्या हातून कोणाला काय इजा झाली आणि तू नंतर काय केलंस. माझ्या हाताला बांधणारा तो माणूस हे अजूनही सगळ्यांना स्वतःहून सांगतो, किती आठवडे लागले ते आणि टेस्टच्या रिपोर्टसकट. दादांना विचारलं तर ते म्हणतात, माझ्याकडे कधी काहीच झालं नाही. मी त्यांच्याकडून बांधून घेणार नाही.