आधी केसपेपरच्या खिडकीमागे बसा

दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी गळ्यात पडली म्हणता, तर अभिनंदन! पहिले दोन दिवस सर्व्हर रूमकडे फिरकू नका. केसपेपरच्या खिडकीमागे स्टूल टाकून बसा.

खरा घोळ तिथे दिसतो. एकाच आजी ‘सुमन पाटील’, ‘सुमनबाई पाटील’ आणि ‘एस. बी. पाटील’ अशा तीनदा नोंदलेल्या. पेनिसिलिनची ॲलर्जी एका नोंदीत, ॲडमिशन दुसरीवर. आमच्याकडे असंच झालं होतं. नातवाने तोंडी सांगितलं म्हणून निभावलं. तेव्हा नवी नोंद उघडण्याआधी मोबाइल नंबर आणि वय टाकून शोधायची सवय लावा. (नुसता मोबाइल पुरत नाही, एका नंबरवर अख्खं घर असतं.) आभाचा (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा) 14 अंकी नंबर जरूर विचारा, पण तो नाही म्हणून कुणाला रांगेतून परत पाठवू नका.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- सगळे रकाने सक्तीचे करणं. मग लोक टिंब टाकून पुढे जातात आणि निम्म्या गावाचा जन्म 1 जानेवारीला होतो.
- फक्त डॉक्टरांना विचारणं. वॉर्डातल्या बहुतेक नोंदी सिस्टर करतात.
- लाइट किंवा नेट गेल्यावर काय, हे न ठरवणं. कोरे छापील फॉर्म वॉर्डात हवेत. नंतर ते कॉम्प्युटरवर कोण चढवणार, तेही आधीच ठरवा.

फायर (FHIR, आरोग्याची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवायचं मानक), स्नोमेड (वैद्यकीय संज्ञांची कोडसकट प्रमाण यादी), डॅशबोर्ड सध्या राहू द्या. एका वॉर्डात एकच बदल करा. रात्रपाळीच्या सिस्टर वैतागल्या नाहीत, की मग पुढचा.