गाडी आणि गंज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पेट्रोल मोटार २०११ सालची, एमएच-१३ पासिंगची. नोंदणीची पंधरा वर्षे आता भरत आली. दोन्ही बाजूंना दारांखालच्या पट्टीवर रंगाला फोड आले आहेत. पेंटर म्हणतो, घासून लांबी (पुट्टी) भरतो, रंग मारतो आणि खालून काळे कोटिंग करतो. पासिंगला अडचण येणार नाही. करून घ्यावे का? (जुळे सोलापूर)

उत्तर : असे करून घेऊ नका. दाराखाली जी पट्टी दिसते ती खरे तर पोकळ पेटी आहे. गॅरेजमध्ये तिला सिल म्हणतात. अशा मोटारीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडीच सगळा भार पेलते आणि बाजूने धडक बसली तर ही पेटीही मार खाते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंग वर उचलतो. सिलवर फोड आले, त्यातही खालच्या कडेला, तर गंज बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो आणि रुपयाएवढ्या फोडामागे तळहाताएवढा पत्रा कुजलेला निघतो.

आधी स्वतः तपासा. गाडी सपाट जागेवर उचलून भक्कम स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दर दोन बोटांवर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेल्याचा आवाज बद्द येतो. तिथे अंगठ्याने जोर देऊन दाबा. करकर वाजले किंवा पत्रा आत गेला, तर तो गेलाच समजा. मग मऊ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक फिरवा. जिथे ते घट्ट धरत नाही, तिथे पूर्वी कुणीतरी लांबी जाड थापली आहे.

लांबी ओल शोषते. आतून गंजलेल्या पत्र्यावर ती भरली की एक-दोन पावसाळ्यांत कडेने सुटते. वरून डांबरी कोटिंग मारले तर ओल आतच कोंडते आणि गंज कुणाला न दिसता वाढत राहतो. शिवाय पासिंगला आणलेल्या जुन्या गाडीच्या पोटाला ताजे काळे कोटिंग दिसले की तपासणाऱ्याचा हात आधी तिथेच जातो.

खरे काम पत्रा कापून करायचे. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापायचे आणि त्यापुढे निदान एक इंच चांगला पत्रा मोकळा करायचा. ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचे हवे. सिलला साधारण १ ते १.२ मिलिमीटर लागते. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला पुरणारा ०.७-०.८ चा पत्रा इथे चालत नाही. वेल्डिंग सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशात विजेच्या तारेने होणारे घ्या. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो आणि आजूबाजूचा रंग दूरपर्यंत जळतो. तो आतून जळालेला भाग दिसत नाही आणि पुढचा गंज तिथेच धरतो. टाके एका ओळीत सलग न मारता जागा बदलत मारायला सांगा. त्याआधी बॅटरीची दोन्ही टोके काढा, सीट आणि कार्पेट बाहेर काढा, आणि पेट्रोलच्या नळ्या जवळून जात असतील तर त्या सोडवून बाजूला घ्या. कार्पेटखालचा फोम पेटून गाडी गेल्याच्या घटना याच कामात घडतात.

वेल्डिंगनंतर जोडांवर सीलर, त्यावर दोन घटकांचे इपॉक्सी प्रायमर, मग रंग. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात : पेटीच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारे पातळ मेण) मारणे. ते नसेल तर नवा पत्राही आतून उघडाच राहतो. आणि सिलच्या तळाला पाणी निघून जायला जी छिद्रे असतात, ती लांबीने किंवा कोटिंगने बुजली नाहीत ना, हे गाडी ताब्यात घेताना तारेने टोचून पाहा.

गंज किती आहे यापेक्षा कुठे आहे ते बघायचे. डिकीच्या झाकणावर हातभर गंज असला तरी गाडी सुरक्षित असू शकते. सस्पेन्शनच्या जोडापाशी दोन इंचांचे भोक असेल तर नाही. ब्रिटनमधल्या एमओटी या वार्षिक वाहन तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्टचे जोड यांच्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत भार घेणारा पत्रा कुजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. घरी गाडी पाहताना हेच माप धरा : सीटबेल्टचे खालचे बोल्ट, पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरची वरची वाटी, मागच्या अॅक्सलचे जोड, जॅक लावायची जागा.

प्रश्न : चासी नंबर गंजून पुसट झाला आहे. घासून पुन्हा पंच करून घेतला तर चालेल का? आणि नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज केव्हा करायचा? (बार्शी)

उत्तर : पुन्हा पंच अजिबात करू नका. परवानगीशिवाय चासी नंबरशी छेडछाड हा गुन्हा आहे, आणि गाडी तुमचीच असली तरी संशय चोरीचा येतो. ग्राइंडर किंवा जाड सँडपेपरही लावू नका. आकड्यांची खोली मिलिमीटरभरसुद्धा नसते. एका फेरीत ती नाहीशी होईल. रॉकेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, कोरडे पुसा. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवा. कागदावर सगळे आकडे उमटले तर काम झाले; मग त्यावर ग्रीस किंवा पारदर्शक लॅकरचा पातळ थर द्या. उमटले नाहीत तर पासिंगच्या दिवसाची वाट न पाहता आरटीओकडे लेखी अर्ज करा.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. मोटारीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील गाड्यांना त्याहून जास्त आहे. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा पडतात. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आधी बसवून घ्या. पत्र्याचे काम निघणार असेल तर मुदतीच्या तीन महिने आधी गाडी गॅरेजला दाखवा, कारण कापल्यावर काम नेहमी वाढते.

प्रश्न : आपल्याकडची हवा कोरडी, समुद्र कुठल्या कुठे. तरी ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजला. कसे काय? (अक्कलकोट)

उत्तर : पाऊस कमी असला तरी एकदा आत शिरलेले पाणी बाहेर पडत नसेल तर तेवढे पुरते. आपल्याकडे याची सुरुवात उन्हाळ्यात होते. ४२ अंशांच्या उन्हात दारांचे आणि काचेचे रबर कडक होऊन चिरते. कडुलिंबाखाली गाडी लावली की त्याची बारीक पाने बॉनेटमागच्या जाळीतून खाली जातात, धुळीबरोबर त्यांचा लगदा होतो आणि पाणी जायची वाट बंद होते. पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी केबिनमध्ये उतरते. खालून चाकामागच्या खोबणीत आपली काळी माती बसते. वरून वाळलेली दिसली तरी ती आत आठवडाभर ओल धरते.

वायपरखालची जाळी काढून पाने हाताने उचला. पाण्याच्या फवाऱ्याने ढकलली तर ती नळीत जाऊन अडकतील. मग एक बादली पाणी हळूहळू ओता आणि ते चाकामागे खाली पडते का पाहा. कार्पेट कडेने उचलून खालचा फोम पिळून बघा. पाणी एसी चालवल्यावरच येत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. फोम ओला असेल तर तो पूर्ण बाहेर काढून उन्हात वाळवा. गाडीतच ठेवून पंखा लावल्याने खालची बाजू सुकत नाही. पत्र्यावर नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग इपॉक्सी प्रायमर. पापुद्रे सुटत असतील किंवा भोक पडले असेल तर कन्व्हर्टरचा उपयोग नाही.

गेल्या काही वर्षांत सीना नदीच्या पुरात बुडालेली गाडी असेल तर सिल आणि दारांच्या आतला गाळ धुऊन काढल्याशिवाय यातले काहीही टिकणार नाही.

प्रश्न : गाडीवर जुनी सोलापुरी चादर टाकतो. रंग टिकेल ना? (होटगी रोड)

उत्तर : उन्हाळ्यात चालेल, पण आधी धूळ काढा, धुळीवर चादर ओढली की रंगावर चरे पडतात. पावसाळ्यात आणि दवाच्या दिवसांत टाकू नका. जाड सूत ओले राहते आणि चरा पडलेल्या जागी पत्र्याला दिवसभर ओल लावून ठेवते.

प्रश्न : मागच्या ब्रेकच्या लोखंडी नळीला गंज आहे. रंग मारून चालेल? (मोहोळ)

उत्तर : वरची धूळ पुसल्यावर नळी गुळगुळीत असेल तर चालेल. नखाला खड्डे लागले तर नळी बदला, कारण जोरात ब्रेक दाबला की ती नेमकी तिथेच फुटते. पूर्ण लांबीची नळी घ्या. मधला तुकडा कापून जोड देऊ नका. एसीची तांब्याची नळी तर कुणी फुकट बसवून दिली तरी नको. टोके दुहेरी फ्लेअरची (दोनदा दुमडून पसरवलेली) हवीत आणि नंतर ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचेच ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची.

प्रश्न : डिझेल गाडीला दहा वर्षे झाली की ती भंगारात जाते, असे सगळे सांगतात. (पंढरपूर)

उत्तर : ते बंधन दिल्ली आणि तिच्या परिसरापुरते आहे. महाराष्ट्रात तुमची खासगी डिझेल मोटार नोंदणीची पंधरा वर्षे चालते आणि तपासणीत पास झाली तर पुढेही पाच-पाच वर्षे.