सूट नाही हो, स्वीट! (आणि त्यात सचिव कुठून आले)

प्रश्न असा आलाय: रॉय कॅम्पबेल या न्यूयॉर्कच्या ट्रम्पेटवाल्याचा 'अखेनातेन स्वीट' (इंग्रजी suite, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकामागून एक वाजणाऱ्या तुकड्यांची रचना; अखेनातेन हा प्राचीन इजिप्तचा राजा) नावाचा अल्बम आहे, त्याबद्दल मराठीत लिहिताना 'सूट' लिहावं की 'स्वीट', आणि सरळ 'संच' म्हटलं तर चालेल का.

स्वीट लिहा. 'प्राचीन इजिप्तवरचा जॅझ सूट' असं वाचलं की मला दिवाळीतली वीस टक्के सूटच डोळ्यासमोर येते. स्वीट म्हटल्यावर लोकांना मिठाईवाला आठवतो म्हणे, आठवू दे.

गंमत अशी की अंगातला सूट, कोर्टातला सूट म्हणजे दावा, हॉटेलातला नि संगीतातला स्वीट हे सगळे एकाच घरातले. लॅटिन 'सेक्वि' म्हणजे मागोमाग जाणं, त्यावरून फ्रेंच 'सुइत'. आता खरी मजा. लॅटिनमध्ये 'सेक्वितुर', संस्कृतात 'सचते', अर्थ तोच आणि रूपही जवळजवळ तेच, कारण लॅटिनचा 'क्व' अशा जागी आपल्याकडे 'च' होतो, त्यांचं 'क्विंक्वे' ते आपलं 'पंच'. ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त काढा, शेवटी अग्नीला म्हटलंय 'सचस्वा नः स्वस्तये', आमच्या भल्यासाठी आमच्या सोबत राहा. त्याच सच् धातूचा सचिव! म्हणजे सोबत चालणारा. मंत्र्यामागून फाइल घेऊन लगबगीने जाणारा सचिव व्युत्पत्तीला धरूनच वागतो, आणि जॅझमधला स्वीट त्याचा लांबचा चुलतभाऊ लागतो. मला हे कळलं तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय.

आता संच. 'संच' पण याच सच् वरून आलाय असं छातीठोकपणे सांगणारे शब्दपंडित आहेत, त्यांनी जरा कोश उघडून बघावा, तो सम् अधिक चि, गोळा करणं, धातूच वेगळा. आणि अर्थानेही बसत नाही. चमच्यांच्या संचात कुठला चमचा आधी याने काही बिघडत नाही, स्वीटमध्ये सगळा खेळच क्रमाचा. जुन्या युरोपी स्वीटमध्ये आलमांद, कुरांत, साराबांद, जीग अशी नाचांची ओळ ठरलेली असायची. कॅम्पबेलचा स्वीट 2007 साली न्यूयॉर्कच्या व्हिजन फेस्टिव्हलमध्ये लाइव्ह रेकॉर्ड झाला, सोबत बिली बँगचं व्हायोलिन आणि चक्क व्हायब्राफोन, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. सुरुवात अखेनातेनपासून, मग त्याचा सूर्यदेव आतेन आणि नवी राजधानी अमार्ना, आणि शेवटाला नाईलवरचा सूर्यास्त. सूर्याच्या भक्तावरचं संगीत सूर्यास्ताला संपतं, हा क्रम उलटा करून बघा म्हणजे कळेल मी का चिडतोय ते. मराठीच हवं असेल तर 'मालिका' त्यातल्या त्यात बरं, पण त्यालाही टीव्हीवरच्या सासवा चिकटल्यात.

आणि इजिप्त-संस्कृत नातं जुळवायचंच असेल तर कृपा करून अखेनातेनमध्ये 'नाथ' शोधू नका, ते 'आतेन' आहे, सूर्यबिंब. शोधायचंच तर अमार्नात सापडलेल्या पत्रांमध्ये शोधा. याच अखेनातेनला मितान्नी या सीरियाकडच्या प्राचीन राज्याचा राजा पत्रं लिहायचा, सोन्याचे पुतळे कबूल केले होते ते लाकडाचे का धाडले म्हणून भांडायचा, आणि त्या राजाचं नाव तुश्रत्त, म्हणजे भाषातज्ज्ञांच्या मते आपल्या वळणाचं 'त्वेषरथ'. यावर कुणी स्वीट केलाय का?